तलावाचा शेजार

पश्चिम नागपुरात घर बघायला आलो तेव्हा ब्रोकरने आम्हाला खोल्या दाखवायच्या आधी बाल्कनीत नेऊन उभं केलं.

"भाऊ, तलाव दिसून राहिला ना?"

मी पाहिलं. समोर कडुनिंब, त्यामागे एका बंगल्याची गच्ची, गच्चीवर पाण्याची काळी टाकी.

"कुठे?"

"असं जरा वाकून पाहा."

मी वाकलो. "अजून थोडं," तो म्हणाला. बायकोने मागून माझा शर्ट धरला. टाकी आणि मोबाइलचा टॉवर यांच्या फटीतून बोटभर रुंदीचं काहीतरी करडं चमकलं. तो अंबाझरी तलाव होता की कुणाच्या शेडचा पत्रा, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या बोटभर पट्टीपायी चौरस फुटाचा भाव वर गेला होता, आणि तो आम्ही दिला. पुढे तीन वर्षांनी टाकीच्या जागी आणखी दोन मजले चढले. पट्टी गेली. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा भूगोल सांगायला हवा. या शहरात देशाचा मध्य दाखवणारा झिरो माइलचा खांब आहे, आणि नागपूरकर जगातली सगळी अंतरं तिथून किंवा सीताबर्डीवरून मोजतो. तिथून पश्चिमेला निघालं की धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर, शिवाजीनगर, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशी नावं लागतात आणि पाचेक किलोमीटरच्या आत तलाव येतो. ‘लेआउट’ हा शब्द खास आमचा. नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना १९३६ची. नकाशावर आखलेले रस्ते, चौकोनी प्लॉट आणि मंजुरीचा शिक्का यांचं इथल्या माणसाला तेव्हापासून इतकं अप्रूप की पुणेकर जसा ‘पेठेत राहतो’ म्हणतो तसा तो ‘लेआउटात राहतो’ म्हणतो. म्हणताना मान किंचित वर जाते.

तलाव आमच्या बाजूला खरं तर दोन. फुटाळा भोसल्यांच्या काळातला. त्याला तेलंगखेडीचा तलावही म्हणतात. तो तरुणांचा. संध्याकाळी तिथे दुचाक्यांची रांग लागते, भाजलेल्या कणसाचा धूर असतो आणि प्रत्येक जोडप्याला वाटतं की धुरात आपण कुणाला दिसत नाही. अंबाझरी पेन्शनरांचा. तिथे सगळे सगळ्यांना दिसतात आणि दिसावं म्हणूनच येतात.

अंबाझरी हे नाव आंब्याच्या झाडांवरून पडलं असं सांगतात. १८७०च्या सुमारास त्याचं पाणी नळाने शहराला मिळू लागलं. त्या काळी शहर तलावाचं पाणी पीत होतं आणि तलावाकडे कुणी राहत नव्हतं. आता आम्ही तलावाला खेटून राहतो आणि आमच्या नळाला पाणी येतं ते कन्हान नदीचं आणि पेंच धरणाचं. ते कमी दाबाने आलं की आम्ही टँकर मागवतो. टँकरवाला तलावाच्या काठाने गाडी वळवत, हॉर्न वाजवत, आमच्या घरी पाणी घेऊन येतो. ही गोष्ट मी पहिल्यांदा आमच्या महालातल्या मामाला सांगितली तेव्हा तो हसत हसत बाजेवरून खाली यायचाच राहिला.

या मामाबद्दल सांगायलाच हवं. तो जुन्या नागपुरात, महालात, वाड्यात राहतो. त्याच्या मते धरमपेठेच्या पलीकडे नागपूर संपतं आणि पुढे जे काही आहे ते हिंगण्याला जाताना लागतं. आमच्या वास्तुशांतीला तो आला, बाल्कनीत उभा राहिला, झाडं पाहिली, रस्ता पाहिला.

"माणसं कुठायत रे?"

"आहेत ना मामा. घरात."

"मग रस्त्यावर कोण राहते?"

खरंच कुणी राहत नाही. आमच्या लेआउटात माणूस दिसला की तो एक तर कुत्रं फिरवत असतो किंवा कुरियर शोधत असतो. मामाच्या घराजवळही तलाव आहे, शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. त्याची आठवण करून दिली तर म्हणाला, "आहे ना. पण आम्ही त्याला व्ह्यू नाही म्हणत बाप्पा. आम्ही त्याला तलाव म्हणतो."

झाडांचंही तसंच. वृक्षराजीत राहतो असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे गेले की त्याच वृक्षराजीवरून भांडतो. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक आंबा आहे. खोड शेजारच्या बंगल्यात, दोन तृतीयांश फांद्या आमच्याकडे. मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा हे झाड शेजाऱ्यांचं असतं आणि "तुमच्या झाडाचा कचरा आमच्या पार्किंगात" असं पत्र जातं. मे महिन्यात तेच झाड आमचं होतं. जूनमध्ये कैऱ्यांचं लोणचं घातलं की पुन्हा त्यांचं. गुलमोहर फुलला की सगळ्यांचा, गाडीवर फांदी पडली की महापालिकेचा. अशी ही सरकती मालकी कुठल्याही सातबाऱ्यावर बसणार नाही.

उन्हाळ्याची कथा वेगळी. नागपूरचा पारा मे २०१३मध्ये ४७.९वर गेला होता. असल्या उन्हाच्या शहरात ‘तलावाची हवा’ हा शब्द ऐकला की माणूस विरघळतो. आम्हीही विरघळलो. पहिल्या उन्हाळ्यात बायकोने बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवलं. नवतपाचे दिवस होते. तलावावरून जी हवा आली तिने टेबलावरचं केळं तासाभरात काळं केलं. मग इतर नागपूरकरांसारखाच आम्हीही खिडकीला कूलर लावला, त्याच्या ताट्या बदलल्या, टाकीत बादल्या ओतल्या आणि दारं लावून घेतली. तलावाची हवा बाहेर राहिली. संध्याकाळी येणारे तलावाकाठचे किडे तेवढे आत आले. हे बारीक हिरवट किडे दिव्याभोवती जमतात, वरणात पडतात आणि पाहुणे विचारतात, "जिरं का हो?" आम्ही हो म्हणतो.

सकाळचा तलाव मात्र खरोखर सुंदर असतो, म्हणून तो बघायला अख्खं पश्चिम नागपूर येतं, कारने. पाऊण किलोमीटरवरून कार घेऊन येणं, ती लावायला जागा शोधत अर्धा किलोमीटर फिरणं, मग चालणं आणि चालून झाल्यावर तर्री पोहे खाणं, असा या व्यायामाचा क्रम आहे. तर्री म्हणजे हरभऱ्याच्या रश्श्यावरचा लाल तवंग. डॉक्टरने ज्यांना चालायला सांगितलंय त्यांनाच त्याने तर्री बंद करायला सांगितलंय. त्यामुळे गाडीवर उभी राहिलेली मंडळी पोहेवाल्याला डोळ्यानेच "थोडी अजून" असं खुणावतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. जुन्या ओळखीचे असले तरी त्या दहा मिनिटांत कुणी कुणाला ओळखत नाही.

अंबाझरीचा सर्वांत चांगला देखावा कुठून दिसतो, हे आम्हाला मेट्रो सुरू झाल्यावर कळलं. अॅक्वा मार्गिकेची गाडी हिंगण्याच्या दिशेने जाताना तलावाच्या कडेने जाते आणि खिडकीतून सगळा तलाव अलगद उलगडतो. एमआयडीसीत कामाला जाणारा, डबा मांडीवर घेतलेला माणूस तिकिटाच्या पैशांत रोज दोनदा लेक व्ह्यू बघतो, आणि बहुतेकदा तो मोबाइल बघत असतो. मी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो तेव्हा तलावाऐवजी घरचे हप्तेच डोळ्यांसमोर आले.

आता आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काकाजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त अभियंता. उंच, किडकिडीत, बारा महिने हातात टॉर्च. त्यांना एकच विषय होता: सांडवा. धरण भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट म्हणजे सांडवा. अंबाझरीच्या त्या जागेला नागपुरात सगळे ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. दर पावसाळ्यात लोक एकमेकांना विचारतात, "ओव्हरफ्लो झाला का?" झाला म्हटलं की मुलाबाळांसकट बघायला जातात, भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढतात, कणसं खातात. आम्हीही जायचो. काकाजी एकदा आमच्याबरोबर आले. सगळे पाणी पडताना बघत होते, काकाजी पाठ फिरवून ते पाणी पुढे कुठे जातं ते बघत होते.

"ही नाग नदी," ते म्हणाले. "हिच्यावरून शहराचं नाव पडलं. आणि आता पाहा, नदी कुठे दिसते का? भिंत, पूल, भिंत, गॅरेज, भिंत. हे पाणी वाढलं तर जाईल कुठून?"

"काकाजी, कणीस घ्या."

"मी काय म्हणून राहिलो—"

"लिंबू लावून घ्या, मस्त आहे."

सोसायटीच्या दर सभेत ‘इतर विषय’ आले की काकाजी सांडव्यावर उभे राहायचे आणि आम्ही खुर्च्या आवरायला लागायचो. पार्किंगचे पट्टे, लिफ्टचा आरसा, गच्चीवर वाळवणं घालावीत की नाही, यांवर आम्ही दोन-दोन तास बोलायचो. सांडव्यावर कधीच तीन मिनिटांच्या वर गेलो नाही. एकदा सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं: ‘काकाजींनी पाण्याबाबत सूचना केली. आभार मानून सभा संपली.’

आणि मग २२ सप्टेंबर २०२३.

शुक्रवार होता. तळमजल्यावरच्या आजींकडे महालक्ष्म्या. विदर्भात त्या ज्येष्ठा-कनिष्ठांना आम्ही गौरी नाही म्हणत, महालक्ष्म्याच म्हणतो, आणि त्यांचं जेवण म्हणजे जेवण. सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, वर तुपाची धार आणि ज्वारीची आंबील. दोघी महालक्ष्म्या कोठ्यांवर उभ्या, पैठण्या नेसून, बाळं पुढ्यात. सगळी बिल्डिंग जेवली. रात्री अकराला आम्ही वर आलो ते जिन्याचा कठडा धरून. पुरण अंगात भिनलं की माणसाला जाग येण्यासाठी प्रलयच व्हावा लागतो.

मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. तीन-साडेतीनला दारावर थापा. दार उघडलं तर काकाजी, टॉर्च घेऊन.

"तिसऱ्या पायरीवर आलं," ते म्हणाले.

"काय?"

"तलाव."

मी खाली पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घरातून तलाव स्वच्छ दिसला. वाकावं लागलं नाही, शर्ट कुणी धरावा लागला नाही. टॉर्चच्या उजेडात पार्किंगभर तपकिरी पाणी होतं, आमच्या कारचं फक्त टप दिसत होतं आणि आजींच्या दारातून एकेक वस्तू बाहेर येत होती, जणू कुणी आतून सामान काढून देतंय. आधी पाट आले, मग चपला. मग आंबिलीचा गंज आला, झाकणासकट, एकदम ताठ, गोल गोल फिरत. त्यामागे पितळी समई आडवी होऊन बुडाली.

आजींना दोघांनी उचलून वर आणलं. त्या रडत नव्हत्या, ओरडत होत्या: "माझ्या महालक्ष्म्या! अरे, विसर्जन उद्या आहे!" पहिल्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा छातीभर पाण्यात शिरला आणि दोन्ही मुखवटे डोक्यावर धरून आला. ते आम्ही आमच्या फ्रिजवर ठेवले, शेजारी शेजारी. त्या रात्री आमच्या घरात अकरा माणसं, दोन देव्या, एक कुत्रं आणि विझलेली वीज होती. कुणी बोलत नव्हतं. फक्त काकाजी दर दहा मिनिटांनी जिन्यात जाऊन येत आणि आकडा सांगत. "सहावी." मग "सातवी." मग बऱ्याच वेळाने, "सातवीच." त्या ‘सातवीच’ला जो जीव भांड्यात पडला तो मी विसरणार नाही.

त्या रात्री शहरात माणसंही गेली. त्यावर विनोद करायचा नसतो. एवढंच सांगतो की तलावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एक घर आहे, जिथल्या भिंतीवर अजून पाण्याची रेघ दिसते, आणि तिच्यावरून हसून पुढे जाता येत नाही.

सकाळी आमच्या गल्लीत बोट आली. जिथे मारुती व्हॅन वळवायला तीन झटके लागतात तिथे ती एका झटक्यात वळली. बोटीतल्या जवानाने वर बघून विचारलं, "कोई पेशंट है?" कुणीच नव्हतं. काकाजींनी त्याला मात्र थांबवलं आणि वरूनच सांगितलं की पुढे डावीकडे भिंतीला लागून नाला आहे, दिसत नाही, सांभाळून जा. जवानाने मान डोलावली. इतक्या वर्षांत काकाजींचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस.

दुपारी मामाचा फोन. "तू तलाव पाहायला तिकडे गेला होतास ना रे? घे, आता तलाव तुला पाहायला आला." मी काही बोललो नाही. तोही क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मामीने पिठलं टाकलंय. पोरांना घेऊन ये." आम्ही चार दिवस महालात राहिलो. रस्त्यावर माणसंच माणसं होती. पोरांना ते फार आवडलं.

परत आलो तेव्हा आमच्या पानाफुलांच्या रस्त्यावर दुतर्फा गाद्या, सोफे, फ्रिज, कपाटं आणि पुस्तकांचे ओले ढीग पडले होते. लेआउटात कोण किती श्रीमंत आहे हे वर्षानुवर्षं भिंतींच्या आड होतं, ते एका दिवसात फुटपाथवर आलं. कुणाकडे तीन-तीन मिक्सर निघाले. ज्यांनी आयुष्यभर इटालियन सोफा म्हणून सांगितलं त्यांच्या सोफ्यातून पाण्याबरोबर नारळाचा काथ्या बाहेर आला. भंगारवाले दिवसभर फिरत होते आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणी घासाघीस करत नव्हतं. मुख्य म्हणजे माणसं रस्त्यावर होती. सात वर्षांत ज्यांचं नाव माहीत नव्हतं त्यांच्याबरोबर मी चिखल उपसला. आंब्याच्या झाडाखाली दोन्हीकडचे लोक चहा प्यायला बसले, आणि झाड कुणाचं हे त्या आठवड्यात कुणीच विचारलं नाही.

आता सभेत पहिला विषय सांडवा असतो. कोर्टात काय झालं, भिंतीचं काम कुठवर आलं, नदीचं पात्र मोकळं केलं की नाही, यावर आम्ही दोन-दोन तास बोलतो. लिफ्टचा आरसा तसाच तडकलेला आहे. काकाजी गप्प बसतात. एकदा न राहवून मी विचारलं, "काकाजी, आता सगळे ऐकायला तयार आहेत, तर तुम्ही काहून बोलत नाही?"

"मला जे सांगायचं होतं ते तेव्हा होतं," ते म्हणाले. "आता तुम्हाला पायऱ्या माहीत झाल्या."

ब्रोकर परवा गोकुळपेठ बाजारात भेटला. भाजी घेत होता. धंदा कसा काय विचारलं तर म्हणाला, "बढिया चालून राहिला. आता उंचावरचे फ्लॅट दाखवतो." आणि मग कानाशी येऊन, जणू गुपित सांगावं तसा: "तिथून तलाव बिलकुल दिसत नाही भाऊ. गॅरंटी!" त्याचेही तो चौरस फुटामागे वेगळे पैसे घेतो.

आम्ही मात्र अजून तिथेच राहतो. कडुनिंब आहे, गुलमोहर आहे, वरणात जिरं आहे. सकाळी बांधावर चाललो की पाण्यावर ऊन पसरतं, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, आणि त्या वेळी आपण उगाच इथे घर घेतलं असं काही वाटत नाही. शेजारी जुना आहे, आमच्या कितीतरी आधीपासूनचा. त्याची येण्याजाण्याची वाट आम्ही अडवली होती, त्याने आमची नाही.

तेव्हा तुम्हीही तलावाकाठी घर बघत असाल तर बाल्कनीतून जरूर वाका. पण त्याआधी भर पावसाळ्यात एक चक्कर मारा आणि तलाव भरला की पाणी कुठून जातं, ते तिथल्या एखाद्या पेन्शनर काकाजींना विचारा. ते अर्धा तास बोलतील. बोलू द्या.